बघताक्षणी कळतील अशा स्मार्ट वस्तू: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज-चिकलठाण्यात पॅनेल, स्टार्टर, कूलर बनवणारे छोटे कारखानदार, लातूर-नांदेडकडची इंजिनिअरिंगची मुलं आणि घरात-शेतात ही यंत्रं रोज वापरणारी माणसं, या तिघांकडून येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. शेतातल्या मोटारीवर जास्त लिहिलंय. तिथं रचना चुकली तर मोटार जळते, पीक वाळतं आणि कधी माणसाच्या जिवावर बेततं.

स्मार्ट वस्तू म्हणायचं कशाला?

रोजच्या वापरातल्या ज्या वस्तूत सेन्सर, छोटा प्रोसेसर आणि बहुतेक वेळा बाहेर निरोप धाडायची सोय बसवलेली असते, तिला. रिमोटचा पंखा, मोबाइलवरून चालणारा गिझर, नवं विजेचं मीटर, मोटारीचा मोबाइल स्टार्टर, किराणा दुकानात पैसे आल्याचं बोलून सांगणारा साउंडबॉक्स, हे सगळं त्यात येतं. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रातले मार्क वायझर यांनी 1991 मध्येच मांडलं होतं की संगणक टेबलावरून उठून भोवतालच्या वस्तूंत इतका मिसळून जाईल, की तो आहे याची जाणीवही आपल्याला राहणार नाही. मिसळण्याचं काम झालं. वापरणाऱ्याच्या डोक्याला ताप न होता मिसळणं, हे काम अजून बाकी आहे आणि हे पान त्याबद्दलच आहे.

काही वस्तू न शिकवता वापरता येतात. ते कशामुळे?

थोडं आकारामुळे, थोडं सवयीमुळे. जात्याचा खुंटा बघितला की हात आपोआप तिकडं जातो. वस्तूचा घाट असा कृतीला बोलावतो, या गोष्टीचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी 1970च्या दशकात केला आणि डोनाल्ड नॉर्मन यांनी 1988 मध्ये तो विचार रोजच्या वस्तूंच्या रचनेत आणला. दरवाजा ढकलायचा की ओढायचा हे मूठ बघून कळायला पाहिजे. पाटी लावावी लागली तर मूठ चुकली, असं ते सांगतात.

सवयीचं उदाहरण तुमच्या भिंतीवरच आहे. आपल्याकडं बटण खाली दाबलं की दिवा लागतो. अमेरिकेत बटण वर केल्यावर लागतो. दोन्हीकडची माणसं आपापल्या घरात अंधारातही चुकत नाहीत, कारण सगळ्या घरांत तोच रिवाज आहे. म्हणून चालत आलेला रिवाज मोडायचा असेल तर त्याला तेवढंच मोठं कारण पाहिजे. नवं दिसावं एवढं कारण पुरत नाही.

संभाजीनगरची पाणचक्की बघायला गेलात तर अजून एक गोष्ट लक्षात येते. डोंगराकडून मातीच्या नळांतून आलेलं पाणी पडताना दिसतं आणि त्या जोरावर जातं फिरतं. कारण आणि परिणाम एका नजरेत येतात, त्यामुळं बंद पडलं तर बिघाड कुठं शोधायचा हे अडाणी माणसालाही कळतं. स्मार्ट वस्तूत नेमका हा धागा तुटतो. हुकूम इथं, काम तिथं आणि मधे न दिसणारी चिप, सिमकार्ड, सर्व्हर. तुटलेला धागा माणसाला पुन्हा दिसेल असा जोडून देणं, एवढंच रचनाकाराचं काम. ऐकायला सोपं आहे, करायला अवघड.

नवी वस्तू करायला घेतली. आधी काय ठरवू? स्क्रीन, ॲप, रंग?

यातलं काहीच नको. आधी एक पान कागद घ्या. 2002 मध्ये व्हिक्टोरिया बेलॉटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेन्सरवर चालणाऱ्या यंत्रांसाठी पाच प्रश्न मांडले होते. माझ्या शब्दांत ते असे: या वस्तूशी बोलायला सुरुवात कशी करू? तिचं माझ्याकडं लक्ष आहे हे कसं कळेल? मला काय हवंय ते तिला नेमकं कसं सांगू? तिला बरोबर समजलंय आणि ती तेच करतेय याची खात्री कशी पटेल? आणि चुकून भलतंच झालं तर माघारी कसं फिरू?

संगणकाच्या पडद्यावर या पाचांची उत्तरं कर्सर, मेनू, एरर मेसेज आणि ‘अनडू’ यांनी कधीच देऊन ठेवली आहेत. कूलरला कर्सर नसतो. मोटारीला ‘अनडू’ नसतं. म्हणून प्रत्येक वस्तूसाठी ती उत्तरं नव्यानं शोधावी लागतात. आपल्या भागासाठी मी यात सहावा प्रश्न घालतो: लाईट नसताना आणि रेंज नसताना या पाचांची उत्तरं काय? पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न शेवटी येतो. इथं तो पहिल्या दिवशीच विचारायचा.

मोबाइल स्टार्टर “मोटार चालू” सांगतो आणि शेतात पाणीच नसतं. असं का होतं?

कारण “चालू” या एका शब्दात चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. तुम्ही घरून फोन लावला. पहिली गोष्ट, तुमचा हुकूम शेतातल्या पेटीपर्यंत पोचला. दुसरी, पेटीतल्या रिलेनं (छोट्या विजेच्या खटक्यानं) स्टार्टरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीला वीज जोडणारा मोठा खटका, ओढला. तिसरी, मोटारीनं करंट घेतला, म्हणजे ती खरंच फिरायला लागली. चौथी, पाइपातून पाणी पडलं. शेतकऱ्याला फक्त चौथीशी मतलब आहे. पुष्कळ स्वस्त पेट्या मात्र पहिलीवरच “चालू” म्हणून मोकळ्या होतात.

मधल्या जागी काय काय होऊ शकतं बघा. तीन फेजपैकी एक गेलेली असेल तर मोटार गुणगुणत उभी राहते किंवा उरलेल्या फेजांवर ताण देत फिरते आणि वाइंडिंग जळतं. बोअरचं पाणी खाली गेलं असेल तर मोटार कोरडी चालते. फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) गळत असेल तर मोटार नीट फिरते पण पाणी उचलत नाही. या सगळ्या वेळी कॉन्टॅक्टर ओढलेलाच असतो, म्हणजे पेटीच्या हिशोबानं सगळं ठीक.

बरी गोष्ट ही, की पेटीत करंट मोजायचा सेन्सर बसवला तर बरंच काही कळतं. मोटार पाणी उचलत असते तेव्हा ती एका ठरावीक पट्ट्यात अँपिअर घेते. कोरडी चालली की भार कमी होतो आणि अँपिअर खाली येतात. एक फेज गेली की उरलेल्या तारांत ते वर चढतात. पेटी बसवताना, पाणी व्यवस्थित पडत असतानाचा आकडा एकदा नोंदवून ठेवला, की पुढं पेटी स्वतःच फरक ओळखू शकते. मग उत्तर असं देता येतं: “हुकूम मिळाला, मोटार फिरतेय, पाणी उचलतेय.” किंवा: “मोटार लावली होती, पाणी लागलं नाही म्हणून बंद केली.” दुसरं वाक्य ऐकून शेतकऱ्याला रात्रीचं शेतात जायचं की सकाळी मेकॅनिकला घेऊन जायचं, हे घरीच ठरवता येतं.

आणि जे माहीत नाही तेही सांगा. पेटीकडून उत्तरच आलं नाही तर फोनवर मघाचं “चालू” तसंच हिरवं दाखवत राहू नका. “दहा मिनिटांपासून पेटीशी बोलणं झालेलं नाही, शेवटची खबर 9 वाजून 40 मिनिटांची” असं लिहा. जुन्या खबरीवर वेळ घालणं ही या संपूर्ण पानावरची सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे.

पण घरून मोटार चालू केली आणि तेव्हाच कुणी विहिरीवर वायर जोडत असेल तर?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. तो सगळ्यांनी विचारायला हवा.

पेटीवर हातानं फिरवायचा एक ठळक खटका हवा, आणि तो “जागेवर” असा ठेवला की लांबून आलेला कुठलाही हुकूम मोटारीपर्यंत पोचताच कामा नये. हे सॉफ्टवेअरमध्ये करू नका. त्या खटक्यानं कॉन्टॅक्टर ओढणाऱ्या कॉइलची तारच तुटली पाहिजे, म्हणजे प्रोग्रॅम अडकला तरी मोटार लागणार नाही. खटका कुठल्या बाजूला आहे हे अंधारात बोटानं कळावं, त्याला कुलूप घालायची सोय असावी, आणि लांबून हुकूम देणाऱ्याला “पेटी जागेवर ठेवलीय, कुणीतरी काम करतंय” असं उत्तर मिळावं. शिवाय लांबून मोटार लावताना पेटीजवळ आधी काही सेकंद मोठा भोंगा वाजावा. विहिरीत उतरलेल्या माणसाच्या कानावर पडेल एवढा मोठा. आणि एवढं सगळं असूनही तारेला हात लावण्याआधी मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात घालायचे. तो नियम कुठल्याही पेटीमुळं शिथिल होत नाही.

लाईट जाऊन परत आल्यावर वस्तूनं आपोआप चालू व्हावं का?

वस्तू बघून ठरवा. पंखा लाईट जाताना तीनवर असेल तर आल्यावर तीनवरच यावा. मे महिन्यात बाळ झोपलेलं असताना पंखा रिमोटची वाट बघत थांबला तर घरातलं कुणीच ती वस्तू चांगली म्हणणार नाही. कूलरचंही तसंच. इस्त्री, शेगडी, गिझर मात्र बंदच राहावेत. चालू ठेवून माणूस गावाला गेलेला असू शकतो.

मोटारीचं प्रकरण वेगळं. साध्या स्टार्टरमध्ये लाईट गेली की कॉइल सुटते आणि लाईट आल्यावर कुणी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटार लागत नाही. ही जुनी रचना विचारपूर्वक केलेली आहे. पण शेतीला थ्री फेज मिळते ती दिवसा किंवा रात्री, ठरावीक तास, पाळीपाळीनं. रात्री दीडला लाईट आली की साप-विंचवाच्या वाटेनं बॅटरी घेऊन जायचं, म्हणून लोकांनी लाईट येताच मोटार लावणारे ऑटो स्विच बसवले. लोकांची गरज खरी आहे. अडचण पुढची आहे: एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी लाईट येताच एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, फ्यूज उडतात, डीपी जळतो आणि मग अख्ख्या शिवाराला नवीन डीपीची वाट बघत बसावं लागतं. म्हणूनच महावितरण ऑटो स्विच काढा, डीपीवरचा ताण कमी करणारा कपॅसिटर बसवा, असं पुन्हा पुन्हा सांगत असतं.

इथं रचनाकाराला एक चांगलं काम करता येतं. लाईट आल्यावर प्रत्येक पेटीनं आपापला वेगळा वेळ थांबावं, कुणी दोन मिनिटं, कुणी सात, कुणी बारा. तेवढ्या वेळात तिन्ही फेज आणि व्होल्टेज तपासावं आणि मगच मोटार उचलावी. थांबलेली असताना पेटीनं ते सांगावं: “लाईट आलीय, सात मिनिटांनी लावते.” हे वाक्य नसेल तर शेतकऱ्याला वाटणार पेटी बिघडली, तो ती बायपास करणार, आणि सगळी मेहनत वाया. थांबण्याचं कारण कळलं की माणूस थांबतो.

एकट्या वस्तूचा शहाणपणा पुरत नाही तो असा. डीपी सामाईक आहे, बोअरच्या खालचं पाणीही सामाईक आहे.

चालूसाठी लाल दिवा की हिरवा?

गोंधळ खरा आहे. घरातल्या बोर्डावर लाल इंडिकेटर लागलेला असतो म्हणजे करंट आहे, सगळं ठीक. स्टार्टरवर लाल बटण म्हणजे बंद. गिझरवर लाल म्हणजे पाणी तापतंय. पॅनेलवरचे लाल, पिवळा, निळा दिवे तर फेज दाखवतात, तिन्ही लागले तरच मोटार लावायची. एकाच घरातला माणूस हे चारही अर्थ रोज वाचतो.

त्यामुळं नुसत्या रंगावर अर्थ टांगू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणं हे पुरुषांत बऱ्यापैकी आढळतं आणि बहुतेकांचं ते जन्मजात असतं; पुष्कळांना स्वतःलाही ठाऊक नसतं. दिव्याची जागा वेगळी ठेवा, लुकलुकण्याची लय वेगळी ठेवा, शेजारी मराठीत एक शब्द छापा. भर उन्हात एलईडी दिसतच नाही, म्हणून शेतातल्या पेटीवर दिव्याला छोटी टोपी लागते. ती टोपी दोन रुपयांची असते आणि नेमकी तीच वगळतात.

टच पॅनेल चांगलं की दाबायची बटणं?

दिवाणखान्यात काहीही चालेल. स्वयंपाकघरात आणि शेतात बटणं.

काचेचं टच पॅनेल बोटाची विद्युतधारणा ओळखून चालतं. भाकरी थापताना हात पाणी आणि ज्वारीच्या पिठानं भरलेले असतात. त्या हातानं इंडक्शनचं पॅनेल कधी ऐकतं, कधी ऐकत नाही, आणि सांडलेलं दूध बोट समजून स्वतःच काहीतरी दाबून घेतं. भाकरी करणाऱ्या बाईची नजर तव्यावर असते. तिला गोल फिरणारी खुंटी द्या, जी मनगटानंही फिरवता येते आणि किती फिरली ते न बघता कळतं. ग्रीस लागलेले, फवारणीचे हातमोजे घातलेले, थंडीत बधिर झालेले हात, या सगळ्यांना दाबल्यावर “टक” होणारं बटण समजतं.

रिमोटच्या पंख्याची तक्रार इथंच घेतो, कारण मूळ एकच आहे. साधा पंखा साधारण 75 वॉट खातो, बीएलडीसी (नव्या, ब्रश नसलेल्या मोटारीचा) पंखा 30च्या आसपास, त्यामुळं तो घ्यावासा वाटणं योग्यच. पण रिमोट सोफ्याखाली गेला की वेग बदलता येत नाही. काही पंख्यांत भिंतीवरचं बटण पटकन बंद-चालू केलं की वेग बदलतो; ही सोय उत्तम आहे, फक्त ती माहितीपत्रकाच्या आतल्या पानावर असते. भिंतीवरच्या बटणाशेजारी चिकटवायचा एक छोटा स्टिकर पंख्याच्या खोक्यात घाला. बदलीवर आलेला भाडेकरू आणि गावाकडून आलेले काका दोघांनाही पंखा चालवता येईल.

मराठीतून बोलून चालणारी वस्तू करायची आहे. कुठं अडतं?

बोलणं दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींची अडचण वेगळी. वस्तूनं बोलणं सोपं; साउंडबॉक्स त्याचा आपल्याकडचा सगळ्यात सुंदर नमुना. चहाच्या टपरीवर गर्दी असते, मालकाचे दोन्ही हात गाळणीत गुंतलेले, फोन गल्ल्यात. “वीस रुपये मिळाले” हे कानावर पडतं आणि गिऱ्हाईक निघतं. कुणी काही दाबलं नाही, कुणी काही शिकलं नाही, आणि देणारा-घेणारा दोघांनी एकच गोष्ट एकाच वेळी ऐकली, त्यामुळं “पाठवले-नाही आले” हा वाद संपला. साउंडबॉक्स हुकूम ऐकत नाही, फक्त खबर देतो, आणि तेवढंच त्याचं बळ आहे.

वस्तूनं ऐकणं अवघड. परभणीचा माणूस “काय करायलास” म्हणेल, लातूर-नांदेडकडं “करूलालास” ऐकू येईल, संभाजीनगरच्या जुन्या शहरात दखनी कानावर पडेल, आणि यंत्राला बहुधा छापील मराठी शिकवलेली असते. माणसाला वाटतं आपलंच बोलणं चुकतंय, तो शहरी सूर काढायला बघतो आणि मग बोलणंच सोडून देतो. हे मला मनापासून खटकतं. म्हातारी बाई आपल्याच भाषेत आपल्याच घरातल्या दिव्याशी बोलताना संकोचावी, असं यंत्र बाजारात आणू नये. आवाज गोळा करायचे तर हिंगोली, जिंतूर, उदगीर, भूम इथले करा. बायकांचे, म्हाताऱ्यांचे, पंख्याच्या आणि गिरणीच्या आवाजातले करा.

आकड्यांकडं विशेष लक्ष द्या. आपण “अडीच तासांनी बंद कर”, “पावणेसहाला लाव”, “दीडशे लिटर” असं बोलतो. हे न समजणारं यंत्र मराठी समजत नाही. एकोणतीस-एकोणचाळीस, पंचेचाळीस-पंचावन्न गोंगाटात एकसारखे लागतात, म्हणून ज्यात पैसा, पाणी किंवा औषध आहे तिथं यंत्रानं आकडा परत बोलून दाखवावा आणि होकार घ्यावा. दिवा लावायला मात्र होकार मागू नये.

ॲप पाहिजेच का?

नाही. पुष्कळदा ॲपमुळं सगळं एका माणसाच्या खिशात जाऊन बसतं. टाकीचं ॲप घरमालकाच्या फोनवर, तो कामावर, आणि पाणी नळाला कधी आलं, टाकीत किती चढलं हे ज्या बाईला माहीत असायला हवं ती फोन लावून विचारते. आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गल्लीत ही साधी गैरसोय नाही. टाकीची पातळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर, फोनशिवाय, येता-जाता दिसली पाहिजे. चार दिवे पुरतात. ॲप हवं तर वरून द्या. घरातल्या कुठल्याही माणसाला, फोन असो-नसो, वस्तूचं मुख्य काम करता आलं पाहिजे.

प्रतिसाद किती वेळात यायला हवा?

रॉबर्ट मिलर यांनी 1968 मध्ये मांडलेले आणि पुढं जेकब नील्सन यांनी रूढ केलेले आकडे अजून टिकून आहेत. 0.1 सेकंदात प्रतिसाद आला तर माणसाला वाटतं हे मीच केलं. 1 सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. 10 सेकंदांच्या पुढं लक्ष उडतं. नेटवर्कवरून काम व्हायला पाच सेकंद लागणार असतील तर हरकत नाही, पण “ऐकलं” हे 0.1 सेकंदात सांगा: एक टक, एक लुकलुक. ते नसलं की माणूस पुन्हा दाबतो, आणि एकाच बटणावर चालू-बंद असेल तर दुसऱ्या दाबण्यानं पहिलं काम रद्द होतं. चालूला वेगळं बटण, बंदला वेगळं, ही जुन्या स्टार्टरची पद्धत म्हणूनच सोडू नये.

सूचना किती द्याव्यात? लोक वैतागून बंद करतात.

वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी 1995 मध्ये शांत तंत्रज्ञानाचा, म्हणजे लक्ष न मागता खबर देणाऱ्या वस्तूंचा, विचार मांडला. त्यांचं आवडतं उदाहरण नताली जेरेमिजेंको या कलावतीनं केलेलं होतं: छताला छोटी मोटर, तिला टांगलेली आठेक फूट लांब प्लॅस्टिकची दोरी, आणि मोटर नेटवर्कच्या तारेला जोडलेली. नेटवर्क शांत असेल तर दोरी थोडीशी हलायची, वर्दळ वाढली की गरागरा फिरायची. कुणी तिच्याकडं टक लावून बघत नव्हतं, तरी सगळ्यांना ठाऊक असायचं.

असली वस्तू तुमच्या ओट्यावरही आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवरचा लुकलुकणारा दिवा बघा. शेजारी आकडा छापलेला असतो. पुष्कळ मीटरवर तो 3200 असतो, म्हणजे 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. इस्त्रीसारखा 1000 वॉटचा भार असेल तर साधारण सेकंदाला एक लुकलुक, 2000 वॉटचा गिझर लावला तर जवळपास दोन. सगळं बंद करूनही तो लगबगीनं लुकलुकत असेल तर कुठंतरी काहीतरी चालू राहिलंय. हा दिवा खरं तर तपासणीसाठी ठेवलेला आहे. तोच जरा मोठा करून दाराजवळ आणला, तर बिल येण्याआधी घराला आपला खर्च दिसेल, आणि एकही मेसेज पाठवावा लागणार नाही.

भोंगा आणि फोनची रिंग राखून ठेवा अशा गोष्टींसाठी, ज्यात आत्ता उठावंच लागतं. कूलरचं पाणी संपलं हे त्यात येत नाही, मोटार कोरडी चाललीय हे येतं.

बनवायच्या आधी लोकांवर तपासून कसं बघायचं? पैसे नाहीत.

पुठ्ठ्याची पेटी करा, बटणं चिकटवा, आणि मोटार लावायचं काम पडद्याआडून तुम्हीच करा. माणूस बटण दाबेल, तुम्ही लपून दिवा लावा, फोनवर निरोप धाडा. यंत्र नसतानाच यंत्राची पारख होते. रचनाशास्त्रात ही पद्धत फार जुनी आणि मान्य आहे.

माणसाला समजावून सांगू नका. “मोटार लावायचीय, लावा” एवढंच म्हणा आणि गप्प बसा. हात कुठं जातो, कुठं अडखळतो, ते बघा. “आवडलं का?” विचाराल तर आपल्याकडची माणसं पाहुण्याचं मन राखायला “लई भारी” म्हणतील. त्यापेक्षा आठ दिवसांनी परत जा आणि पेटी कशी वापरतात ते बघा. दोरा बांधलेला, चिकटपट्टी लावलेली, खडूनं खूण केलेली जागा दिसली की समजा तिथं तुमची रचना कमी पडली आणि वापरणाऱ्यानं ती पुरी केली. त्या खुणांचे फोटो घ्या. पुढच्या पेटीचा आराखडा त्यातच असतो.

पाच-सहा माणसांतच ठळक दोष बाहेर येतात, पण ती सगळी तुमच्या कॉलेजची मुलं नकोत. आणि चाचणी एकदा रात्री, बॅटरीच्या उजेडात घ्या.

सर्किटसाठी काय वापरू?

सुरुवातीला ईएसपी 32 हे छोट्या प्रोसेसरचं मॉड्यूल पुरेसं आहे. वायफाय-ब्लूटूथ दोन्ही असतं आणि काही शे रुपयांत मिळतं. शेतात वायफाय नसतं, तिथं सिमचं मॉड्यूल लागेल. ते 4जीवर चालणारं घ्या. व्होल्टेज कमी-जास्त सोसणारा पॉवर सप्लाय यावर पैसे वाचवू नका. थ्री फेजच्या जोडणीला परवानाधारक वायरमनशिवाय हात लावू नका.

घरातली वस्तू आपलं बोलणं, येणं-जाणं नोंदवते. ते कसं सांगावं?

2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची सूचना सोप्या भाषेत असावी आणि आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायचा पर्याय असावा, असं म्हटलं आहे. मराठी त्यात आहे. दिलेली संमती काढून घेणंही देण्याइतकंच सोपं असावं, असंही त्यात आहे. वस्तूपुरतं बोलायचं तर माइक आणि कॅमेऱ्याला हातानं सरकवायचं झाकण द्या. झाकण बंद दिसलं की पाहुण्यालाही कळतं, त्याला कुठलं धोरण वाचावं लागत नाही.

कंपनीनं सर्व्हर बंद केला तर वस्तूचं काय होतं?

कधी कधी काहीच उरत नाही. रिव्हॉल्व्ह नावाचं घरातली उपकरणं चालवणारं यंत्र अमेरिकेत विकलं जात होतं; गूगलच्या मालकीच्या नेस्टनं ती कंपनी 2014 मध्ये घेतली आणि मे 2016 मध्ये सेवा बंद केली. लोकांच्या घरातली चांगली यंत्रं त्या दिवसापासून निकामी झाली.

म्हणून विकत घेताना दुकानदाराला नेट बंद करून वस्तू चालवून दाखवायला सांगा. बनवत असाल तर उलट क्रमानं बनवा: आधी बटणावर चालणारी साधी वस्तू, मग तिच्यावर सेन्सर, मग फोन, सगळ्यात शेवटी सर्व्हर. वरचा थर निघाला तरी खालचा चालत राहिला पाहिजे. मोटारीच्या पेटीत याचा अर्थ सरळ आहे: सिम काढून घेतलं तरी हिरव्या बटणानं मोटार लागली पाहिजे, लाल बटणानं थांबली पाहिजे, आणि कोरडी चालली तर पेटीनं ती स्वतःच बंद केली पाहिजे. हे कसं होतं ते दाखवणारा वायरिंगचा नकाशा मराठीत छापून पेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवा, म्हणजे गावातल्या वायरमनला ती उघडून दुरुस्त करता येईल.